पाचातली ठग

थोरलीनं धाकटीला घरात आणली ती स्वतःच्या हातानं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणायचे, जावाजावांचं काय, पटायचंच नाही. तसं नव्हतं. धाकटी आधी आली ती थोरलीच्या प्रयोगशाळेत, विद्यार्थिनी म्हणून. हुशार, तोंडाची फटकळ, आणि डब्यात जे असेल त्यातलं निम्मं शेजारच्याला देणारी. थोरलीनं तिला काही महिने नीट पारखून घेतली आणि एका रविवारी दिराला म्हणाली, "भाऊजी, एक मुलगी आहे. तुमच्यापेक्षा शहाणी आहे, पण चालवून घेईल तुम्हाला." दीर चित्रकलेचा शिक्षक, भोळा माणूस, तो तर पहिल्या भेटीतच गार झाला. वर्षभरात विद्यार्थिनीची जाऊ झाली. 'मॅडम' म्हणणारी घरी 'वहिनी' म्हणू लागली, आणि सवयीनं मग लॅबमध्येही वहिनीच. लॅबचे प्रमुख सर कपाळाला हात लावायचे. "अहो, ही प्रयोगशाळा आहे की तुमचं स्वयंपाकघर?"

काम दोघींचं मिळून एकच होतं. थोरली धातूचे पातळ थर चढवून चिपा बनवायची आणि धाकटी त्या मोजायची.

चिप म्हणजे नखाएवढा चकचकीत तुकडा. त्यावर दोन चुंबकी पट्ट्या, लोखंड आणि निकेलच्या, आणि दोघींना जोडणारी तांब्याची एक रेघ. सगळं इतकं बारीक, की नुसत्या डोळ्यांना जरासा डाग दिसावा. पहिल्या पट्टीतून तांब्यात वीज सोडायची आणि तिथल्या तिथे मागच्या बाजूनं काढून घ्यायची. दुसऱ्या पट्टीकडे विजेचा थेंबही पोचत नाही. तरी तिथे मीटर लावला तर काटा हलतो.

यात जादू काही नाही. इलेक्ट्रॉन दोन प्रकारचे, एकाचा स्पिन, म्हणजे अंगची फिरकी, वर, एकाचा खाली. तांब्याला दोन्ही सारखेच, ते भेदभाव करत नाही. चुंबक मात्र करतो. त्याच्यातून निघणाऱ्यांत वरचे जास्त असतात. मग तांब्याच्या त्या टोकाला वरच्यांची दाटी होते आणि खालच्यांची टंचाई. त्या दाटीच्या मापाला पुस्तकात केमिकल पोटेन्शिअल म्हणतात. लॅबमध्ये एवढा मोठा शब्द कोण उच्चारणार, सगळे नुसतं 'पातळी' म्हणत. एकदा दोन ठिकाणच्या पातळीत फरक पडला की वाहणं आलंच, मग ते पाणी असो की इलेक्ट्रॉन. वरचे दाटीतून दुसऱ्या पट्टीकडे निघतात, खालचे तिकडून इकडे येतात. जितके गेले तितके आले, म्हणून वीज शून्य. पण तिकडे वरचे वाढले ना? म्हणजे वीज न जाता स्पिन गेला. एका धातूतून दुसऱ्यात, नुसत्या पातळीच्या फरकावर.

थोरलीनं हे लग्नानंतर नवऱ्याला समजावलं होतं. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे आमची लिफ्टच की. डबा वर गेला की मागचं वजन खाली. गेलं तितकं आलं."

"अगदी तेच," थोरली म्हणाली. "फक्त आमच्याकडे दोर नाही, मोटर नाही. पातळीच ओढते."

"मग दुरुस्तीला सोपं असेल," तो म्हणाला, आणि त्याच्या लेखी विषय संपला.

आता ठगची गोष्ट. त्या लॅबमध्ये एक जुनी चाल होती. पाच चिपांचा लॉट निघाला की त्यात एक ठग घालायची. दिसायला हुबेहूब इतरांसारखी, पण तिची पहिली पट्टी चुंबकाची नाही, साध्या ॲल्युमिनियमची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ॲल्युमिनियम वर-खाली करत नाही, त्यामुळे दाटी नाही, पातळीत फरक नाही, स्पिन जाणार नाही. दुसऱ्या पट्टीनं मुकं राहायला हवं. ठग कोणती ते फक्त बनवणाऱ्याला ठाऊक. कुठंही लिहायचं नाही, कारण लिहिलेलं कुणीतरी वाचतंच. मोजणाऱ्यानं पाचही मोजायच्या, भर मीटिंगमध्ये सांगायचं, ठग अमुक नंबरची, आणि मग बनवणाऱ्यानं सगळ्यांसमोर हो किंवा नाही म्हणायचं. तोवर दोघांत त्यावर एक शब्द नाही.

चाल बरोबरच होती. माणसाला सिग्नल हवा असला की त्याला तो दिसतो, भिंतीवरच्या ओलीत चेहरा दिसतो तसा. थोरली तर या बाबतीत फार कडक. चिपांची डबी देताना ती तोंडावरचा मास्क मुद्दाम डोळ्यांपर्यंत ओढायची, चेहऱ्यावरून काही कळायला नको म्हणून. धाकटी तिला चिडवायची, "वहिनी, दोन नंबरची जरा तिरकी वाटते, नाही?"

"तूच तिरकी बसली आहेस. सरळ बस आणि मोज."

असं छान चाललं होतं. मग दृष्ट लागली म्हणा, किंवा दोघींच्या जिभेला हाड नव्हतं म्हणा. बाहेरचे काही पाहुणे लॅब बघायला आले होते. त्यातल्या एकानं चिपांचं कौतुक केलं आणि थोरली, एरवी मोजकं बोलणारी बाई, त्या दिवशी हरभऱ्याच्या झाडावर चढली. म्हणाली, "सगळा खेळ थराचा आहे. थर चांगला पडला की मोजायला काय, कुणीही मोजेल."

धाकटी तिथेच उभी होती. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि थर काय," ती म्हणाली, "भिंतीला रंग देणारेसुद्धा लावतात."

पाहुणे हसले. तेच वाईट झालं. कुणी हसलं नसतं तर दोघी संध्याकाळपर्यंत विसरल्या असत्या. शिवाय जखम जुनी होती, खपली तेवढी निघाली. लॅबमध्ये कायमची जागा एकच आली होती, ती थोरलीला मिळाली. धाकटी अजून करारावर, दर वर्षी मुदत वाढवून घेणारी. त्या दिवसापासून धाकटी लॅबमध्ये पुन्हा 'मॅडम' म्हणू लागली आणि घरी काहीच म्हणेना. सगळे निरोप सासूबाईंमार्फत. "आई, त्यांना सांगा, इस्त्री चालू राहिली आहे." "आई, तिला सांगा, मला दिसतंय."

"मी काय टपालखातं आहे का?" सासूबाई म्हणायच्या. "एकमेकींच्या कानात ओरडा की, हात-दीड हातावर तर उभ्या आहात."

आणि नेमकी याच सुमारास दुसरी कायमची जागा आली. मोजमापाची. जणू धाकटीच्या मापानंच बेतलेली. पण सरांच्या हातात सगळं नव्हतं. वर समिती होती. समितीचं म्हणणं साधं होतं. या लॉटचा निकाल दाखवा, ठग ओळखून दाखवा, जागा तुमची. नाही जमलं तर महिनाअखेर करार संपतो, आणि जागा दुसऱ्या विभागाला जाते. तसं झालं तर धाकटीला दुसऱ्या गावी काम शोधावं लागणार, तिच्यामागे दीर जाणार, आणि घर निम्मं होणार. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्या दिवसांत टीव्हीचा आवाजसुद्धा कुणी मोठा करत नव्हतं.

थोरलीनं लॉट बनवला. राग राग म्हणून हात ढिला सोडणारी ती नव्हती. उलट या खेपेला पट्ट्या दोनदा घासून घेतल्या. ठग घातली तीन नंबरला. मास्क डोळ्यांपर्यंत ओढला, डबी टेबलावर ठेवली, आणि धाकटीनं ती न बोलता उचलली.

मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी थोरली ओट्यापाशी लसूण सोलत होती. दीर नाचतच आत आला. त्याला लॅबचे नियम कुठले ठाऊक! "वहिनी, हिला सापडली! चार चिपा ठणठणीत बोलतायत, आणि एक नुसती कुजबुजतेय. पाच नंबर. पाच नंबर ठग! जागा पक्की समजा."

थोरलीच्या हातातली सुरी थांबली.

"काय झालं?" दीर म्हणाला. "आनंद नाही झाला?"

"झाला," ती म्हणाली. "भाऊजी, पण हे मला सांगायचं नसतं."

"बरं बरं, मी काही सांगितलंच नाही," म्हणून तो गेलाही.

पाच! पाच नंबर तर अस्सल चुंबकाची. आणि तीन नंबर, जिच्यात चुंबक म्हणून पहिल्या पट्टीला कणभर नाही, ती ठणठणीत बोलतेय म्हणे.  याचा अर्थ एकच. धाकटीनं इतके दिवस जे मोजलं ते स्पिन नव्हतंच, किंवा स्पिनच्या नावाखाली दुसरंच काहीतरी होतं. काय ते थोरलीला कळेना. आणि सांगायचं तर सोय नाही.

तरी ती उठली आणि धाकटीच्या खोलीच्या दारात गेली. धाकटी उद्याचे आलेख लावत होती, स्वतःशी गुणगुणत. किती आठवड्यांनी गुणगुणत होती.

"अगं..." थोरली म्हणाली.

धाकटीनं मान वर केली. गुणगुणणं बंद झालं. "मॅडम, उद्या बोलू. मीटिंगआधी बोलणं नियमात बसत नाही. तुम्हीच शिकवलंय."

थोरली परत फिरली.  खरंच तिनंच शिकवलं होतं.

गच्चीत नवरा वाळलेले कपडे काढत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं आधी एक चादर पूर्ण घडी केली.

"दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे? तीन नंबर म्हणून?"

"कुणाला नाही."

"मग हो म्हणून टाक. पाच म्हणाली की हो. तिला जागा मिळेल, घर एक राहील, अबोला सुटेल. सुंठीवाचून खोकला गेला. चूक असेल ती नंतर शोधा की दोघी बसून."

"जागा मिळाल्यावर कोण शोधतंय? ते छापून येईल. मग त्यावर दुसरे कुणी काम करतील."

"आणि तीन म्हणालीस तर लोक काय म्हणतील, माहीत आहे ना? स्वतःची जागा पक्की करून बसली, आता जावेच्या ताटात माती कालवली. भाऊ तर बोलणारच नाही माझ्याशी."

"माहीत आहे."

"मग?"

थोरली चिडली. "तू लिफ्टचा ब्रेक न तपासता सही करतोस का? मालक ओळखीचा आहे, गरजू आहे, म्हणून?"

नवऱ्यानं दुसरी चादर उचलली. "लिफ्टमध्ये माणसं असतात," तो म्हणाला. मग चादर झटकून म्हणाला, "नाही करत." आणि तिच्याकडे चादरीचं दुसरं टोक दिलं.

एवढ्यानं निर्णय झाला असं समजू नका. सकाळी मीटिंगच्या खोलीत जाईपर्यंत थोरलीचं मन लंबकासारखं झुलत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. जिन्यावर ठरलं होतं हो म्हणायचं, आणि दारात ठरलं, नाही म्हणायचं.

खोलीत लांब टेबल, एका बाजूला समितीचे दोघे, मध्ये सर. धाकटीनं आलेख दाखवले. फार सुंदर मांडले तिनं, त्यात शंका नाही. दुसऱ्या पट्टीचं चुंबकत्व उलटवलं की सिग्नल पायरीसारखा खाली यायचा, परत उलटवली की वर. एक, दोन, तीन, चार, चारींच्या पायऱ्या स्वच्छ. पाचव्या चिपेची पायरी इतकी बुटकी की गोंधळातून जेमतेम डोकं वर काढत होती. तीन नंबरची पायरी मात्र झक्क. थोरलीला तिच्याकडे बघवेना.

"तेव्हा ठग," धाकटी म्हणाली आणि खोलीत सगळ्यांकडे पाहिलं, फक्त थोरलीकडे सोडून, "पाच नंबर."

सर थोरलीकडे वळले. ते हसत होते. त्यांनाही ती जागा धाकटीलाच हवी होती. "बोला, मॅडम."

"तीन," थोरली म्हणाली.

आधी कुणाला कळलंच नाही. सरांचं हसू तसंच राहिलं, विसरून गेल्यासारखं.

"तीन नंबर ठग आहे. पाच नंबर अस्सल आहे. पाच कमजोर असेल तर त्यात माझ्या थराचाही दोष असू शकतो. पण ठग तीन."

समितीतले एक गृहस्थ भले होते. त्यांनी दोर टाकला. "चिपा डबीत ठेवताना अदलाबदल झाली असेल का? होतं असं."

तो दोर धरता आला असता. अदलाबदल झाली असेल, एवढं पुटपुटलं असतं तरी पुरे होतं. थोरलीनं एकदा धाकटीकडे पाहिलं. धाकटीचा चेहरा पांढरा फटक पडला होता.

"नाही," थोरली म्हणाली. "मी दोनदा बघून ठेवते. अदलाबदल नाही."

समितीनं आपसांत कुजबुज केली. निर्णय पुढे ढकलला. महिना संपायच्या आत नवा लॉट मोजून दाखवा. ठग ओळखली तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्या विभागाला. सर चष्मा पुसत बसले. बाहेर बोळकांडीत धाकटी थोरलीच्या अगदी जवळून गेली आणि थांबली.

"झालं समाधान?" एवढंच म्हणाली. मॅडमसुद्धा म्हणाली नाही.

घरी तर त्याहून वाईट. दीर समोर आला आणि नजर चुकवून दुसऱ्या खोलीत गेला. तो भांडला असता तर बरं वाटलं असतं. नवऱ्यानं त्याला समजवायचा प्रयत्न केला, तर म्हणाला, "दादा, राहू दे." सासूबाईंनी एकही टोमणा मारला नाही, आणि सासूबाईंनी टोमणा न मारणं म्हणजे काय ते त्या घरातल्यांनाच कळेल. रात्रीचं जेवण झाल्यावर त्या थोरलीपाशी येऊन बसल्या.

"खरं सांग. मनात काडीचाही राग नव्हता?"

"होता," थोरली म्हणाली. "अजून आहे. रंगारी म्हणाली मला, चारचौघांत. पण आई, चिप तीनच होती."

सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. थोरलीला रडू आलं. खरं बोलून माणूस इतका एकटा पडतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याहून खुपत होतं ते दुसरंच. राग होताच ना मनात? मग 'तीन' म्हणताना त्या रागाला आत कुठे जराशी मजा वाटली नसेल कशावरून? ती स्वतःलाच छातीठोक उत्तर देऊ शकेना.

पुढचे दिवस धाकटी मोजायच्या खोलीतून बाहेर निघेना. जुन्याच पाच चिपा पुन्हा पुन्हा लावायची. मधल्या भिंतीला मोठी काच होती; थोरली आपल्या कामानं जाता-येता बघायची आणि पुढे व्हायची. मदत करावी असं फार वाटायचं. पण आता आपण शहाणपण शिकवायला गेलो तर ते जखमेवर मीठ, म्हणून जीभ आवरायची.

मग एका दुपारी काचेतून तिला दिसलं ते पाहून तिचे पाय थांबले. धाकटी करंटचं बटण फिरवत होती. त्या लॅबमध्ये करंटच्या बटणाला हात लावत नसत. कधीकाळी कुणीतरी तो वाढवून महागाची चिप जाळली होती, तेव्हापासून सरांनी जो आकडा ठरवला तोच. सगळ्या चिपा, सगळे लॉट, वर्षानुवर्षं त्याच एका करंटवर. कुणी विचारलंही नव्हतं की का. आणि धाकटीनं तो सरळ दुप्पट केला होता. थोरली काचेला नाक लावून उभी राहिली. धाकटीचं लक्ष नव्हतं. तिनं चिप काढली, दुसरी लावली, पुन्हा तेच केलं. मग खुर्चीत मागे टेकली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

थोरली घाईनं आपल्या खोलीत निघून गेली. टोपी, मास्क, हातमोजे चढवून उगाच भांडी पुसत बसली.

थोड्या वेळानं दार उघडलं. त्या खोलीत बाहेरच्या चपला चालत नाहीत, म्हणून धाकटी अनवाणीच आत आली होती.

"तीन नंबर," ती म्हणाली. "करंट दुप्पट केला, सिग्नल चौपट झाला."

 स्पिन असता तर दुप्पटच झाला असता. दुप्पट इलेक्ट्रॉन ढकलले तर दाटी दुप्पट, पातळीतला फरक दुप्पट, सिग्नल दुप्पट. चौपट वाढते ती एकच गोष्ट. कुठल्याही शेगडीला विचारा.

"उष्णता?" थोरली म्हणाली.

"उष्णताच. पहिली पट्टी तापते, ऊब दुसऱ्या पट्टीपर्यंत जाते. चुंबकाला एका अंगानं ऊब लागली की चिमूटभर व्होल्टेज येतं, आणि चुंबक उलटवला की तेही उलटतं. अगदी स्पिनचंच सोंग. मी सोंगालाच भुलले."

"आणि बाकीच्या?"

"एक, दोन, चार तिपटीच्या आसपास. थोडा स्पिन, बाकी सगळी ऊब." धाकटीनं एक बोट वर केलं.  "पाच नंबर बरोब्बर दुप्पट. जिला मी ठग ठरवली, तीच एकटी सरळ निघाली. चिपेखाली ऊब उतरायला लावतो ना, ते जुनं ग्रीस पाचवी बसवताना संपलं होतं. त्या चौघी या खेपेला तळाच्या सुकलेल्या ग्रीसवर बसवलेल्या, त्यांची ऊब खाली उतरतच नव्हती. पाचवीला नवी डबी फोडली."

"म्हणजे ती बुटकी पायरी..."

"खरी आहे. इवलीशी आहे, पण खरी आहे. तुमचा थर चांगला आहे, त्यात दोष नाही."

थोरलीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "मोजायला कुणीही चालतं असं म्हणाले होते मी," ती म्हणाली. "चुकलं माझं. दुसरं कुणी असतं तर पाच नंबर फेकून दिली असती."

"मीसुद्धा दिली असती," धाकटी म्हणाली. "तुम्ही हो म्हणाला असतात तर. मला वाटलं, सूड उगवलात. आज दुपारपर्यंत तेच वाटत होतं, खोटं कशाला सांगू? मी तर यांना म्हटलंसुद्धा, की त्या बाईच्या हाताखाली मला राहायचं नाही."

"मग? काय म्हणाले भाऊजी?"

"म्हणाले, स्थळ त्यांनीच आणलं होतं, आता परत कुणाला करणार."

थोरलीला हसू फुटलं. धाकटीही हसली, आणि मग डोळे पुसले.

महिना संपत आला होता. नवा लॉट मोजून, ठग ओळखून दाखवायची, आणि तीसुद्धा त्या बुटक्या पायरीवरून. मोठ्या खोट्या पायरीवरून ओळखणं सोपं होतं; आता गोंधळातून डोकं वर काढणाऱ्या पायरीवर सगळी भिस्त. चुकली तर जागा गेली, घर निम्मं झालं. दोघींना ते न बोलता कळत होतं.

धाकटीनं खिशातून चिपांची रिकामी डबी काढली आणि थोरलीपुढे ठेवली.

"नवा लॉट द्या. आणि या वेळी एकच ठग घालायची असं काही नाही. एकच आहे म्हटलं की मी सगळ्यांत बुटकीलाच धरते. दोन घाला, तीन घाला, नाहीतर एकही नको. मला काही सांगू नका, वहिनी."

थोरलीनं डबी उचलली. मग मास्क पार डोळ्यांपर्यंत वर ओढला आणि म्हणाली, "जा आता. बाहेर हो, मला काम करू दे."